वाचता येतं, पण मुक्त आहे का?

दुचाकीस्वाराचं हेल्मेट कसं असावं, हे आपल्याकडे 'आयएस ४१५१' हे मानक ठरवतं. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय असं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. पण सरकारी आदेश मानकाच्या क्रमांकाकडे बोट दाखवून थांबतो. धक्का किती सोसला पाहिजे, पट्ट्याची चाचणी कशी घ्यायची, हा कायद्याचा खरा ऐवज मानकात असतो.

आणि हा ऐवज बरीच वर्षं विकत घ्यावा लागायचा. जो नियम मोडला तर शिक्षा होते, तो वाचायलाही पैसे! कार्ल मालामुद या अमेरिकी गृहस्थांनी भारताची हजारो मानकं मिळवून थेट इंटरनेटवर ठेवली. भारतीय मानक ब्यूरोला ते रुचलं नाही, आणि २०१५ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. युरोपात त्यांच्याच संस्थेच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्याचा भाग झालेली मानकं लोकांना बघायला मिळालीच पाहिजेत. कॉपीराइटच्या प्रश्नाला मात्र न्यायालयाने हात लावला नाही.

आज ब्यूरोच्या पोर्टलवर नोंदणी केली की भारतीय मानकं फुकट उतरवता येतात. मग भांडण मिटलं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखी नाही. फुकट आणि मुक्त यांत आम्ही फरक करतो. मुक्त म्हणजे वाचा, वाटा आणि बदला. इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिलेले असतात ते 'आरएफसी' कुणीही वाचावेत, त्यांच्या प्रती काढाव्यात. तरी डेबियनने ते आपल्या मुख्य संग्रहाबाहेर, 'नॉन-फ्री' विभागात ठेवले, कारण त्यांचा मजकूर बदलायची परवानगी नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हा निव्वळ सोवळेपणा वाटला होता. (गंमत म्हणजे प्रोग्रॅम बदलायचं स्वातंत्र्य देणाऱ्या 'जीपीएल' परवान्याचा स्वतःचा मजकूरही बदलता येत नाही.)

मानक बदलायचंच कशाला, हा आक्षेप खरा आहे. पिण्याच्या पाण्याचं 'आयएस १०५००' घ्या. पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं ते सांगतं. कुणी १.५ चं ५.१ करून तेच नाव लावून फिरवलं, तर गावातल्या पोरांचे दात आणि हाडं जातील. मानकाची किंमतच मुळी सगळ्यांकडे एकच प्रत असण्यात आहे.

पण भाषांतर हासुद्धा कायद्याच्या नजरेत बदलच आहे, आणि इथे मी डेबियनकडे झुकतो. मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम ११ मानकाची प्रत फक्त स्वतःच्या वापरापुरती काढू देतं. मानक किंवा त्याचा भाग प्रकाशित करायचा तर ब्यूरोची परवानगी हवी. उलट कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ पाहा. विधिमंडळाचा कायदा आणि त्याखालचे नियम यांचं सरकारने आधी भाषांतर केलेलं नसेल, तर कुणीही ते भारतीय भाषेत आणून छापू शकतो. अट एवढीच, की हे भाषांतर सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं नाही असं ठळक लिहायचं. म्हणजे नकली प्रतीच्या भीतीवरचा तोडगा आपल्याच कायद्यात आहे. नाव आणि शिक्का राखायचा, मजकूर मोकळा सोडायचा. मानकांना हीच सवलत का नको? समितीचा खर्च निघायला हवा हे मान्य, पण त्यासाठी आयएसआय खूण वापरणाऱ्या कंपन्या शुल्क भरतातच.

जल जीवन मिशनमध्ये नळाचं पाणी याच १०५०० वर तपासतात. विदर्भात फ्लोराइडचा त्रास असलेल्या एखाद्या गावात पाणी समितीच्या बाई हातात चाचणीचं किट घेऊन उभ्या असतात. कुणी हौसेने ते अख्खं मानक मराठीत आणून, चित्रं घालून, त्यांच्यासाठी छापायचं ठरवलं, तर त्याला आधी दिल्लीला पत्र लिहून परवानगी मागावी लागेल.