निवड सर्वस्वी माझी

निवृत्तीनंतर रिसालीच्या घरामागच्या अंगणात मी शिल्पं करू लागलो. भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून इथलं पोट लोखंडावर चालतं. म्हणून ठरवलं, भंगारातले पत्रे-नटबोल्ट जोडून एक कामगार उभा करावा. भंगारवाल्याच्या काट्याजवळ मात्र थबकलो. हा माल रीतसर लिलावातला, की रात्री कुंपणावरून आलेला? चोरीच्या लोखंडातून प्रामाणिक कामगार कसा घडवायचा?

मग सासवने आठवलं. वि. पां. करमरकरांनी पुण्यासाठी शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ब्राँझमध्ये केला. १९२८ साली तो उभा राहिला. त्याच हातांनी त्यांनी अलिबागजवळच्या आपल्या या गावी सिमेंटची म्हैस घडवली. माध्यम स्वस्त म्हणून म्हैस हलकी ठरली नाही, कारण ती मनापासून पाहिलेली होती.

व्यावसायिकाला ‘गिऱ्हाइकाने सांगितलं’ असं म्हणता येतं. हौशी माणसाला ती पळवाट नाही. त्याला ना मागणी, ना मुदत, ना मोबदला. त्यामुळे काय घडवलं आणि कशातून, याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

तो जाब स्वतःला विचारला तेव्हा कामगाराचा पुतळाही गळून पडला. मी हिशेबखात्यात होतो. भट्टीची धग लांबूनच पाहिली. दुसऱ्याचा घाम माझ्या नावावर कशाला?

आता पावती घेऊन सिमेंटची गोणी आणली आहे. घडवतो आहे सायकलच्या हँडलला लटकलेला जेवणाचा डबा. तो मात्र मी तीस वर्षं वाहिला आहे.