चाक फिरते, सायकल उभी

आमच्या शेजारच्या आक्का रोज सकाळी फुले तोडायला परसात येतात आणि खिडकीतून मला विचारतात, "काय मास्तर, आज कुठवर गेलासा?" मी त्या वेळी घामाघूम होऊन सायकलवर बसलेला असतो. सायकल घरातच एका लोखंडी घोडीवर चढवलेली असते. मागचे चाक गरगर फिरत असते, पुढचे चाक एका पाटावर निवांत टेकलेले असते. "मुतग्यात आहे," असे काहीतरी मी सांगतो. आक्का हसतात, परडी भरून घेऊन निघून जातात. थट्टा थट्टेच्या जागी ठीकच आहे. पण त्यांचा प्रश्न मला दिवसभर पुरतो. मी कुठवर गेलो? गेलो की नाही?

सांबऱ्याहून बेळगावला मी एकतीस वर्षे सायकलने गेलो. दहा-अकरा किलोमीटर जायचे, तितकेच परत यायचे. शाळेची नोकरी संपली तरी सवय सुटली नाही. काही ना काही निमित्त काढून मी शहरात जाऊन येत असे. तीन वर्षांपूर्वी हिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. तेव्हापासून हिला एकटे टाकून अर्धा तासही बाहेर राहता येत नाही. शिवाय बागलकोट रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारींच्या कडेने माझ्या वयाच्या माणसाने सायकल हाकणे म्हणजे जिवाशी खेळ. पुण्याच्या मुलाने ही घोडी आणि आपली जुनी गिअरची सायकल आणून दिली. "बाबा, आता घरातच चालवा," म्हणाला आणि नटबोल्ट आवळून गेला.

ही घोडी कशी असते ते सांगतो, कारण आमच्या भागात ती अजून फारशी दिसत नाही. मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी चौकटीत घट्ट आवळतात. टायर खालच्या एका रुळावर दाबून बसतो. रुळाच्या टोकाला धातूची चकती आणि तिच्यासमोर चुंबके. चकती फिरू लागली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते फिरण्याला विरोध करतात, म्हणून पायडल जड लागते. चुंबक जवळ आणले की चढ, दूर नेले की सपाटी. घाट हवा तेव्हा घाट! फक्त वारा तेवढा मिळत नाही. रस्त्यावर आपण पुढे जातो म्हणून वारा अंगाला लागतो आणि घाम सुकवतो. इथे घाम तसाच निथळत राहतो, त्यामुळे पंखा लावावा लागतो. अर्ध्या तासाने उतरून मी एकदा त्या रुळाच्या टोकाला बोट लावले तर चटकाच बसला. माझी सगळी मेहनत तिथे, त्या वीतभर लोखंडात, ऊन होऊन बसली होती. थोड्या वेळाने तेही निवले.

उभ्या जागी सायकल चालवणारा माणूस आम्हाला नवा नाही, हे मला मागाहून आठवले. धार लावणारा यायचा. चौकात सायकल स्टँडवर उभी करायचा, वर बसायचा आणि पायडल मारू लागायचा. पट्ट्यावर सहाण फिरू लागायची. विळ्या, सुऱ्या, कोयते घेऊन बायामाणसे भोवती उभी राहायची आणि ठिणग्या बघायला आम्ही पोरे. तो दिवसभरात कितीतरी मैल पायडल मारत असेल, पण "कुठवर गेलास?" असे त्याला कुणी विचारले नाही. त्याचे जाणे विळ्याच्या धारेत दिसत होते.

दुसरा एक यायचा, तो सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरणारा. माळावर बांबू रोवून, दोऱ्या बांधून रिंगण केलेले. लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा, छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा. लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. सातव्या दिवशी त्याला हार घालून खाली उतरवत. मी लहानपणी वडिलांना विचारले होते, "आण्णा, एवढ्या वेळात हा मुंबईला पोचला असता की नाही?" आण्णा म्हणाले, "मुंबईला पोचला असता तर त्याला कोण विचारलं असतं?" त्यांच्या उत्तरातली मेख मला आता कुठे कळू लागली आहे. काही श्रम पोचण्यासाठी नसतातच. पण मग ते कशासाठी असतात?

या प्रश्नाचे सर्वांत भयंकर उत्तर इंग्रजांनी दिले. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरने कैद्यांसाठी पायचाक काढले. लाकडी फळ्यांचे भले मोठे रहाट, त्यावर कैदी ओळीने उभे राहून अखंड पायऱ्या चढत. चढायचे, पण वर जायचे नाही. काही तुरुंगांत त्या चाकाला धान्य दळायचे जाते किंवा पाण्याचा पंप जोडलेला असे. काही ठिकाणी मात्र काहीच जोडलेले नसे. कैदी नुसता वारा दळत. शरीर थकवणे हा त्या शिक्षेचा अर्धाच भाग होता. आपल्या घामाचे काहीही होत नाही, हे रोज माणसाच्या मनावर बिंबवणे हा उरलेला अर्धा. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे ही पद्धत बंद झाली. आज तशाच यंत्रावर लोक पैसे मोजून चालतात आणि इंग्रजीत त्याचे नावही तेच राहिले आहे. नियतीला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

दुसरे टोक आमच्या बेळगावातच आहे. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथेच. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. तिथे ठरले की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २००० वार सूत द्यावे. चरखासुद्धा जागच्या जागी फिरणारे चाकच आहे. पण त्यातून सूत निघते आणि ते सूत कातणाऱ्याला कुठल्या तरी परक्या माणसाच्या अंगावरच्या कापडाशी जोडते. अर्थात ज्याला स्वतः कातायचे नसेल त्याने दुसऱ्याकडून कातून घ्यावे, अशी पळवाटही त्याच ठरावात होती आणि पुढच्याच वर्षी ती अट सैलही झाली. चाक फिरवायला माणसाला कंटाळा येतो, मग ते देशासाठी का असेना!

या दोन चाकांच्या मधे कुठेतरी माझी घोडी उभी आहे. ती शिक्षा नव्हे, कारण मी आपखुषीने बसतो. तिच्यातून सूतही निघत नाही. "तब्येत राहते की!" असे मुलगा म्हणतो. ते खरेच आहे. तालमीतला पोरगा हजार बैठका मारतो, तोही जागचा हलत नाही आणि त्याला आपण निरर्थक म्हणत नाही. पण त्याच्या बैठकांच्या पलीकडे लाल माती असते, समोर जोडीदार असतो, वस्ताद असतो, गावच्या जत्रेतले मैदान असते. माझ्या पायडलच्या पलीकडे फक्त माझा रक्तदाब आहे. गीतेचा आधार घ्यावा, तर गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते. बिनफळाचे काम कर असे ती कुठेच सांगत नाही. मंडालेच्या तुरुंगात बसून लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिले, त्यात त्यांचा सगळा भर लोकसंग्रहावर आहे. बंद खोलीत एकट्याने घाम गाळण्यात कसला आला लोकसंग्रह?

इथे सीमाभागातला वाचक गालात हसेल, हे मला ठाऊक आहे. घोडीवरच्या सायकलचे आम्हाला काय कौतुक? बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि आम्ही अलीकडे राहिलो. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पायडल मारणे चालूच आहे आणि सायकल जिथल्या तिथे. तरुणपणी मीही असे कडवटपणे बोलत असे. आता तसे बोलवत नाही. कारण याच काळात कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांनी मांडव घालून मराठी साहित्य संमेलने भरवली. शेतकऱ्यांनी पहिल्या रांगेत बसून व्याख्याने ऐकली. ज्या गावाला पोचायचे होते ते आले नाही, पण पाय शाबूत राहिले. एवढ्याने समाधान मानावे की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. मला अजून रागही येतो.

पण माझ्या घोडीबद्दलची खरी गोष्ट मी अद्याप सांगितलेली नाही, आणि ती सांगायला मला लाज वाटते. रस्त्यावरची सायकल मला लोकांना बांधून ठेवत होती. कुणी म्हणे, मास्तर, एवढी औषधाची चिठ्ठी नेता का? कुणी पोराला पुढच्या दांडीवर बसवून देई. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा अर्ज. कधी कधी वैताग यायचा. घोडीवर बसल्यावर पहिल्या महिन्यात मला केवढे मोकळे वाटले! कुणी थांबवणार नाही, कुणी काही मागणार नाही. रुळाची घरघर, पंख्याचा आवाज आणि मी. डोळे मिटून चालवायला लागलो की गावाबाहेर पडल्यासारखे वाटे.

एके दिवशी मी असाच पाऊण तास चालवला आणि पुसत पुसत आतल्या खोलीत गेलो. हिच्या डाव्या हाताशी मी एक वाटी आणि चमचा ठेवतो, काही हवे असले तर वाजवायला. वाटी जमिनीवर पडली होती. अंथरूण भिजले होते. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. किती वेळ वाजवले असेल, कोण जाणे. वाटी हातातून निसटल्यावर वाजवायलाही काही उरले नसणार. मी दहा पावलांवर होतो, आणि मी तिथे नव्हतो.

घरात राहायचे म्हणून मी रस्ता सोडला होता. आणि घरात राहूनच मी पार निघून गेलो होतो. आक्का विचारत होत्या त्याचे खरे उत्तर हे होते. घोडीने सायकल अडवली होती, मला अडवले नव्हते. माणूस कुठे आहे हे त्याच्या पायांवरून ठरत नाही, असे आपण परमार्थाच्या गप्पांत सहज बोलून जातो. त्याची दुसरी बाजू एवढी ओलीचिंब असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

त्या दिवशी मी पत्नीची माफी मागितली का? मागितली, पण आमच्या पिढीला ती नीट मागता येत नाही. चादर बदलली, चहा केला. संध्याकाळी शेजारचा मुलगा बोलावून घोडी उचलली आणि हिच्या खोलीत, पलंगासमोर नेऊन ठेवली. पंखा हिच्याकडे वळवला. वेग कमी केला, म्हणजे आवाजही कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलेला घाम आता पुरता येत नाही. चालायचेच.

आता चालवताना मी बोलत असतो. सांबऱ्याची वेस, विमानतळाचे कुंपण, निलजी, मुतगे, गांधीनगर असे एकेक ठिकाण आले की सांगतो. लग्नानंतरची कित्येक वर्षे ही माझ्या कॅरिअरवर बसून शनिवारच्या बाजाराला येत असे. मी पुढे बघत असायचो आणि ही बाजूला बघत असायची. तिला बोलता येते ते शब्द-दोन शब्द, तेही चिकाटीने. परवा मी म्हणालो, "हा आला पंक्चरवाला, चिंचेखाली बसलाय बघ." ही एकदम म्हणाली, "वड."

"चिंच गं. एकतीस वर्षं मी तिथं हवा भरली."

"वड," ती पुन्हा म्हणाली आणि डावा हात उचलून पारंब्या दाखवल्या.

ते झाड रस्ता रुंद करताना केव्हाच गेले. दुसऱ्या दिवशी आक्का फुलांना आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारले. त्यांनी परडी कट्ट्यावर ठेवली आणि जरा वेळ आठवत उभ्या राहिल्या. "चिंच कुठली मास्तर," त्या म्हणाल्या, "वडच होता की तो."