दात कोणाचा, हात कोणाचा

ठाण्याच्या कोपरीत सिंधी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. फाळणीनंतर सिंधमधून जे थोडंफार सामान आलं, त्यात कुठे कुठे लग्नातल्या हस्तिदंती बांगड्याही आल्या. अशाच एका घरातल्या आजी गेल्या आणि त्यांच्या मुलाने बांगड्यांचा जोड शेजारच्या निवृत्त इतिहासशिक्षकांपुढे ठेवला. याचं काय करायचं? शिक्षकांची पुतणी वन्यजीव कायद्याचं काम करते, त्यामुळे उत्तर तिने दिलं. मालकीचा दाखला असेल तर वारसाला वस्तू ठेवता येते, पण ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. विकता येत नाही. नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. मुलगा दाखला शोधायला गेला.

प्रश्न तिथे मिटला. वाद मात्र काका-पुतणीबरोबर मीठबंदराच्या रस्त्यावर फिरायला निघाला.

"कायदा सांगितलास, न्याय नाही सांगितलास," काका म्हणाले. सातवाहन शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. "तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तू पाहिली आहेस. भोकरदनच्या उत्खननातही तशीच निघाली. आणि १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी तिचं नातं आपल्या तेर-भोकरदनच्या कारागिरीशी जोडलं. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात तेर आहे, इथून दोन पावलांवरचं कल्याण आहे, भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. एवढी जुनी विद्या आपण १९८६ आणि १९९१ च्या दोन दुरुस्त्यांनी बंद केली. कारागीर उंटाच्या हाडाकडे नाहीतर लाकडाकडे वळले. चूक त्यांची होती का?"

"नव्हती," ती म्हणाली. "पण आपल्याकडच्या हत्तींत सुळे फक्त नरांना असतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी पेरियारच्या जंगलात शंभर माद्यांमागे एक मोठा नर उरेनासा झाला होता. कोरणाऱ्याला ते कधी दिसलं असेल? त्याच्यापर्यंत फक्त दात पोचत होता."

काकांनी वाट बदलली. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना मग वेगळा न्याय का? अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली, पण अलास्काच्या मूळ रहिवाशांना वॉलरस मारायची, त्याच्या सुळ्यांवर कोरीवकाम करायची आणि ते विकायची मुभा ठेवली. आपल्या कारागिराला तेवढी का नाही?

या प्रश्नाने पुतणी खरोखर अडली, आणि अडणं योग्यच होतं. तिने आधी वस्तुस्थिती मांडली. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर गॅम्बेल आणि सवूंगा ही सायबेरियन युपिक लोकांची दोन गावं आहेत. तिथे वॉलरसचं मांस खातात, मादीचं कातडं चिरून पातळ करतात आणि होडीच्या सांगाड्यावर ताणून बसवतात. दात हा त्यातला उरलेला भाग. त्याचं हार्पूनचं टोक होतं, मूठ होते, मूर्तीही होते. याच समुद्रातल्या ओक्विक संस्कृतीतल्या दंतमूर्ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे तेरच्या बाईच्या आगेमागेच्या. "तिथे प्राणी पोटासाठी मारला जातो आणि दात त्याच्यासोबत येतो. इथे दातासाठी हत्ती मारला जात होता."

"मग तो फरक कायमचा का धरायचा? दाताला किंमत आली की पोटासाठी मारणाराही दातासाठी मारू लागेल."

"बाहेरच्यांनी तसंच केलं." एकोणिसाव्या शतकात व्हेलच्या शिकारी जहाजांनी तेल आणि सुळ्यांसाठी वॉलरसची प्रचंड कत्तल केली. १८७८ ते १८८० दरम्यान सेंट लॉरेन्स बेटावर दुष्काळ पडून सुमारे हजार माणसं गेली, गावंच्या गावं ओस पडली. वाईट हवामान होतं, आलेली दारू होती, पण वॉलरसची वाण हेही एक कारण मानलं जातं. त्याच्या कितीतरी आधी, मध्ययुगात, आइसलँडचा वॉलरस संपला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या बहुतेक वॉलरसच्याच दाताच्या आहेत. त्या पाहताना डोळ्यांचं पारणं फिटतं. त्या दाताचा बाजार मात्र कुणाच्या जेवणाशी बांधलेला नव्हता.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे प्राणी संपला तर आधी उपाशी कोण राहणार, हे बघायचं. तेरच्या सावकाराचं काही अडत नव्हतं. गॅम्बेलच्या माणसाचं सगळंच अडतं."

ही कसोटी मला मोलाची वाटते, कारण तिच्यात कलेचा अपमान नाही आणि प्राण्याचाही नाही. पण ती पुरत नाही, आणि पुतणीने ते लगेच दाखवलं. २००८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या चार देशांचा साठवलेला हस्तिदंत चीन-जपानला कायदेशीर विकू दिला, तेव्हा चोरटा माल त्याच्या आडून खपवणं सोपं झालं, असं अनेक अभ्यासक सांगतात. सवलत प्रामाणिक माणसासाठी असते, पण तिचा फायदा घ्यायला दुसराच टपलेला असतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१६ पासून हस्तिदंताबरोबर वॉलरसचा दातही विक्रीला बंद केला. हत्तीला वाचवणारा तो कायदा अलास्काच्या कारागिराच्या पोटावर आला. पर्यटक विचारतो, हे घरी नेलं तर पकडतील का? कारागिराने कायदा पाळलेला असतो, दाताला १९८८ पासूनच्या नियमाप्रमाणे खूण लावलेली असते, तरी गिऱ्हाईक मागे फिरतं.

"मग दुरुस्त करा तो कायदा," काका म्हणाले.

"करायलाच हवा. पण त्या बेटावरच्या माणसाला सोबत बसवून." तिथे १९७८ पासून शिकाऱ्यांचा स्वतःचा वॉलरस आयोग आहे आणि सरकारी वन्यजीव खातं त्याच्याबरोबर काम करतं. आज वॉलरसला बंदुकीपेक्षा वितळत्या बर्फाची भीती जास्त. विसाव्याला बर्फ उरला नाही की ते किनाऱ्यावर गर्दी करतात. २०१४ मध्ये अलास्कात पॉइंट लेजवळ सुमारे ३५,००० वॉलरस एका जागी गोळा झाले होते. अशा गर्दीत चेंगराचेंगरी होऊन पिल्लं मरतात. तो बर्फ वितळवण्यात त्या शिकाऱ्याचा वाटा किती आणि आपल्या शहरांचा किती, हा प्रश्न दोघांनीही बराच वेळ चघळला.

समोर खाडी होती. तिचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. काकांनी विचारलं, "आपल्या चेंदणीच्या कोळ्यांना बसवलं होतं का कुणी असं सोबत? पाणी नासलं तर पहिलं रिकामं जाळं त्यांचंच."

पुतणीने आयोगाची रचना कशी आहे, त्यात गावोगावचे प्रतिनिधी कसे येतात, हे सांगायला सुरुवात केली. काका मध्येच थांबवून म्हणाले, हे मला नको, कोळीवाड्यात जाऊन सांग.