ये, बस

रोडपालीच्या तलावाकाठी पहाटे फिरणारे नवखा दिसला की जरा सरकतात, वाट देतात. त्याचं वय कुणी विचारत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत मात्र विशीतला मुलगा दारातच घुटमळतो. आत सगळे काका-मामांच्या वयाचे. ‘एवढ्यात कसली रे तुझी दारू?’ कुणीतरी म्हणतं, तेही मायेनंच. मुलगा माघारी वळतो.

ये, बस. एवढं पुरे होतं.

तिथं अट एकच, दारू सोडायची इच्छा. किती वर्षं प्यायलात, हे अटीत नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसनातून सुटलेले काही जण पुढे तिथंच समुपदेशक झाले. दारातलं घुटमळणं त्यांना ओळखू येतं.

ये, बस. बोलायचं नसेल तर नुसतं ऐक. चहा येतोय.