दारातील चौकशी

प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या स्त्रीची लायकी दारातच तपासावी काय? दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये हा प्रश्न जिवाशी निगडित होता. तेथे १९३० च्या सुमारास हजार जन्मांमागे सुमारे ४ माता दगावत.

१९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्रसूतिगृहे काढण्याची मुभा दिली. सक्ती केली नाही. त्यामुळे एका शहरात सोय झाली, दुसऱ्यात गरीब स्त्रीपुढे घर किंवा गरीबखान्याचे रुग्णालय एवढेच उरले. १९२९ च्या कायद्याने ही रुग्णालये स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आली. पाटी बदलली, पण कलंक राहिला. १९०४ पासून तेथील जन्मदाखल्यावर गरीबखान्याऐवजी साधा पत्ता लिहीत. दाखल्यावरून लाज लपली. मनातून गेली नाही.

अनेक धर्मादाय प्रसूतिगृहे केवळ विवाहितांनाच घेत. ती चालविणारे निर्दय नव्हते. खाटा थोड्या होत्या, देणगीदारांची मर्जीही राखावयाची होती. खाटा थोड्या असता निवड करावीच लागते, हे मान्य. परंतु ती धोका पाहून करावी, अब्रू पाहून नव्हे. गरज विचारणे हा न्याय होय. लायकी विचारणे हा निवाडा होय, आणि त्याची शिक्षा निरपराध बालकालाही भोगावी लागते.

ज्याच्या जन्मवेळी उतारशाळेत जागा नव्हती, त्याचे नाव घेणाऱ्या आपण आपल्या संस्थांच्या दारात आज प्रथम काय विचारतो?