खासगीतला पैसा

दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळला गेलं की घृष्णेश्वराचं देऊळ लागतं. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अशा कामांना पैसा कुठून यायचा?

होळकरांचे हिशेब दोन होते. दौलत म्हणजे राज्याचा खजिना आणि खासगी म्हणजे राणीची स्वतःची मिळकत. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर दिली. त्या १७६१ मध्ये वारल्यावर ती सून अहिल्याबाईंकडे आली. देशभरातली देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला.

मला प्रश्न पडतो तो आपल्या कौतुकाचा. त्यांनी तोच पैसा स्वतःच्या हौसेवर उडवला असता, तर तो तितकाच त्यांचा मानला असता का आपण? कुणी म्हणेल, खासगीचा पैसाही गावांच्या महसुलातूनच यायचा, म्हणजे रयतेच्या घामातून. तो रयतेसाठीच खर्च व्हायला हवा. बरोबर आहे. पण मग हाच नियम दौलतीला आणि ती उधळणाऱ्या राजांनाही लावायला हवा. त्यांच्या वाड्यांसमोर आपण निवांत सेल्फी काढतो.

आजही पगारातून घराचा हप्ता भरणारी मुलगी गुणी ठरते. तिनेच एकटीने हिमालयात ट्रेक केला, तर ‘एवढा खर्च कशाला?’ असं घर विचारतं. भावाला तो प्रश्न क्वचितच येतो. दान मोठंच आहे. पण पैसा तिचा असेल, तर दान न करण्याचा हक्कही तिचाच असायला हवा.