खबर हीसुद्धा अमानत आहे



पवित्र कुरआनच्या 27 व्या सूरहचे नाव ‘अन्-नम्ल’, म्हणजे ‘मुंगी’ असे आहे. पैगंबर सुलैमान (अ.) आपले लष्कर घेऊन मुंग्यांच्या एका खोऱ्याजवळ पोहोचले, तेव्हा एका मुंगीने इतर मुंग्यांना सावध केले, असा प्रसंग या सूरहमध्ये आला आहे. तिने आधी सर्वांना हाक दिली. मग काय करावे ते सांगितले, की आपापल्या घरांत शिरा. मग कारण सांगितले, की सुलैमान आणि त्यांचे लष्कर नकळत तुम्हाला चिरडून टाकतील. हाक, उपाय आणि धोका या तिन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या. ज्यांच्यापासून धोका होता त्यांच्यावरही तिने खोटा आळ घेतला नाही. ते जाणूनबुजून नव्हे तर नकळत असे करतील, एवढेच ती म्हणाली. तिचे बोलणे ऐकून सुलैमान (अ.) यांनी स्मित केले आणि अल्लाहच्या कृपेबद्दल आभार मानण्याची सद्बुद्धी मागितली.

एका क्षुद्र कीटकाने आपल्या बांधवांना वेळेवर सावध केले, ही गोष्ट सर्वज्ञ अल्लाहने आपल्या अखेरच्या ग्रंथात कायमची नोंदवून ठेवली आहे. यावरून संकटकाळी खरी बातमी ऐकणे, ती समजून घेणे आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे या गोष्टीचे मोल लक्षात यावे. खबर हीसुद्धा एक अमानत आहे. ती कानी पडली की तिची जबाबदारीही पडते.

कोकणातील आपल्या बांधवांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. तरीही नुकसानाच्या मानाने प्राणहानी फार कमी झाली. कारण वादळ येत असल्याची सूचना रेडिओ व दूरदर्शनवरून आधीच दिली गेली होती आणि किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. त्यानंतरच्या वर्षी, 22 जुलै 2021 रोजी, वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण आणि सावित्रीच्या पाण्याने महाड बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे मृत्यूमुखी पडली. अशा वेळी एका तासाच्या पूर्वसूचनेचे मोल काय असते, हे पोटमाळ्यावर बसून रात्र काढलेल्या माणसाला विचारावे.

मात्र खबर ऐकण्याच्या आड आपल्या मनातील काही समजुती येतात. त्यांचा विचार करू या.

पहिली समजूत अशी, की जे नशिबात आहे ते होणारच. मग बातम्या ऐकून काय उपयोग? वरवर पाहता हे शब्द ईमानाचे वाटतात. परंतु हजरत उमर (रजि.) यांचे आचरण पाहा. ते सीरियाकडे निघाले असता ‘सरग’ या ठिकाणी त्यांना पुढच्या प्रदेशात प्लेगची साथ पसरल्याची खबर मिळाली. त्यांनी ती कानाआड केली नाही. मुहाजिरीनशी, अन्सारशी, नंतर कुरैशच्या ज्येष्ठांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. अल्लाहने ठरविलेल्या तकदीरपासून पळून जात आहात काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून आपण अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी येऊन पैगंबर (स.) यांची हदीस सांगितली, की जेथे साथ असल्याचे ऐकाल तेथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तेथे ती पसरली तर पळून बाहेर पडू नका. हे ऐकून हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली. म्हणजे खबर ऐकून सावध होणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. वेळेवर मिळालेली खबर हीसुद्धा अल्लाहच्या तकदीरचाच भाग आहे. तिच्याकडे पाठ फिरवून आपण जे करतो, त्याला तवक्कुल नव्हे, तर निष्काळजीपणा म्हणतात.

दुसरी समजूत याहून घातक आहे. ‘आमच्या दारापर्यंत पाणी आजवर कधी आले नाही,’ असे आपण म्हणतो. हजरत नूह (अ.) यांच्या मुलाची कथा सूरह हूदमध्ये आहे. पित्याने हाक मारली, तेव्हा त्याने आपण डोंगरावर आश्रय घेऊ, तो आपल्याला पाण्यापासून वाचवील, असे उत्तर दिले. दोघांमध्ये लाट आली आणि तो बुडणाऱ्यांपैकी झाला. त्याचा मूळ अपराध सत्य नाकारण्याचा होता, यात शंका नाही. पण इशारा देणाऱ्यापेक्षा आपल्या डोंगरावर त्याचा अधिक भरवसा होता, हेही त्यातून दिसते. आपलाही असा एखादा डोंगर असतो. कोणासाठी तो घराचा उंच जोता असतो, कोणासाठी आजोबांच्या काळची आठवण. पूर मात्र आजोबांच्या खुणेपाशी थांबत नाही.

तिसरी समजूत काही धार्मिक घरांत आढळते. दूरदर्शन हे फितन्याचे साधन आहे, म्हणून त्याच्याशी संबंधच नको, असे तेथे मानले जाते. त्यावरील निर्लज्ज व निरर्थक कार्यक्रमांपासून मुलाबाळांना वाचविण्याची ही तळमळ आदरणीय आहे. परंतु साधन आणि त्याचा उपयोग यांत फरक केला पाहिजे. सुरीने फळही कापता येते आणि माणसाचा गळाही. हवामानाचे वार्तापत्र ऐकणे ही करमणूक नव्हे. आपले व आपल्या शेजाऱ्यांचे प्राण वाचविण्याची ती तयारी आहे. ज्या घरात दूरदर्शन संच नको असेल त्या घरात निदान सेलवर चालणारा एक लहान रेडिओ तरी असावा.

आता खबर ऐकण्याच्या रीतीविषयी पाहू. सूरह अन्-निसाच्या 83 व्या आयतीत काही लोकांचा दोष सांगितला आहे. शांततेची असो वा भीतीची, एखादी वार्ता आली की ते ती पसरवीत सुटतात. तीच वार्ता त्यांनी पैगंबरांकडे व जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिचा अर्थ जाणू शकणाऱ्यांना तिची सत्यता कळली असती. सूरह अल्-हुजुरातच्या 6 व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे, की एखाद्या दुराचारी माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मग केल्याचा पश्चात्ताप होईल. सूरह अन्-नम्लमध्येच हुदहुद पक्ष्याने सबाच्या राणीची खबर आणली, तेव्हा सुलैमान (अ.) यांनी ती लगेच खरी मानली नाही आणि झिडकारलीही नाही, तू खरे बोलतोस की खोटे ते पाहू, असे म्हणून तिची परीक्षा केली.

अफवा माणसे मारते, हे मुंबईने अनुभवले आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, पाणी ओसरत असताना, धरण फुटले, समुद्राची लाट येत आहे, अशी आवई एका झोपडवस्तीत उठली. अंधारात लोक सैरावैरा धावले आणि त्या चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसांनी प्राण गमावले. धरण फुटले नव्हते, लाटही आली नव्हती. आज मोबाइलवर एका बोटाने हेच घडू शकते. जुन्या पुराचे चित्र आजचे म्हणून फिरते आणि ‘पुढे पाठवा’ एवढेच त्याचे प्रमाणपत्र असते. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस आपण प्रत्येक वेळी आठवावी.

याउलट आदर्श पाहा. एका रात्री मदीनेत मोठा आवाज झाला आणि लोक घाबरले. काही जण आवाजाच्या दिशेने निघाले, तर पैगंबर मुहम्मद (स.) समोरून परत येताना दिसले. ते हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घोड्यावर, खोगीर न घालताच स्वार होऊन, सर्वांच्या आधी खात्री करून आले होते, आणि घाबरण्याचे कारण नाही असे सांगून त्यांनी लोकांना धीर दिला. आधी खात्री, मग घोषणा, आणि घोषणेत धीर, अशी ही सुन्नत आहे.

म्हणून संकटाच्या दिवसांत खबर कोठून घ्यावी हे आधीच ठरवून ठेवावे. हवामान विभाग, जिल्हा प्रशासन, आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या सूचनांना प्राधान्य द्यावे. हवामान विभागाच्या रंगांचा अर्थ घरातील मुलांनाही ठाऊक असावा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. म्हणजे 10 हजार क्युसेक हा आकडा ऐकला तर दर सेकंदाला 2 लाख 80 हजार लिटर पाणी नदीत येत आहे, असे समजावे. खाडीकाठच्या गावांनी भरतीची वेळही ऐकावी, कारण भरती असताना अतिवृष्टी झाली तर खाडी नदीचे पाणी पोटात घेत नाही.

वीज असेपर्यंत दूरदर्शनचा उपयोग मोठा आहे. वादळ कोठे आहे, कोणत्या दिशेने सरकत आहे, हे नकाशावर डोळ्यांना दिसते. परंतु वादळात पहिला बळी विजेचा जातो. मग पडदा काळा होतो, काही तासांनी मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरीही संपते. तेव्हा दोन सेलवर चालणारा रेडिओच बाहेरच्या जगाशी नाते राखतो. पावसाळ्यापूर्वी नवे सेल आणून, ते रेडिओसोबत कोरड्या पिशवीत ठेवावेत. सूचना ऐकताना ती कोणत्या तालुक्यासाठी आहे, किती वाजताची आहे आणि काय करायला सांगितले आहे, हे कागदावर लिहून घ्यावे. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असावेत. आवश्यक ते ऐकून झाले की संच बंद करावा. तेच तेच भयानक दृश्य दिवसभर पाहत बसल्याने माहिती वाढत नाही, मन खचते, लहान मुले झोपेत दचकतात. तो वेळ नमाज, दुआ आणि सामानाची आवराआवर यांत घालवावा.

तथापि खबर आपल्या घरात आली म्हणून अमानत पूर्ण होत नाही. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर, भोला परिसरात, भीषण चक्रीवादळ आले. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाख असा सांगितला जातो आणि त्यात आपले लक्षावधी कलमागो बांधव होते. रेडिओवरून सूचना दिली गेली होती. पण तिची तीव्रता लोकांना उमगली नाही आणि बहुतेकांना आसऱ्याची पक्की जागाही नव्हती. त्या आघातानंतर तेथे हजारो स्वयंसेवक तयार करण्यात आले. ते रेडिओवर सूचना ऐकतात, हातातील भोंगा घेऊन वस्तीवस्तीत फिरतात, निशाण उभारतात. मशिदींच्या माइकवरूनही लोकांना सावध केले जाते. निवारेही बांधले गेले. 2007 मध्ये ‘सिद्र’ हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. तेही दुःख मोठेच. पण लाखांचे हजार झाले. रेडिओचा आवाज आणि शेवटचे घर यांच्यामधले अंतर माणसांनी पायी चालून भरून काढले.

आपल्या मोहल्ल्यातही हे अंतर आहे. ऐकू न येणारे आजोबा, एकटी राहणारी विधवा, ज्यांचे पुत्र आखातात आहेत असे वृद्ध आईवडील, खाडीवरचा कोळी, दूर वाडीवरचे हिंदू, बौद्ध वा आदिवासी कुटुंब, या सर्वांपर्यंत खबर पोहोचविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? शेजाऱ्याचा हक्क सांगताना पैगंबर (स.) यांनी त्याचा धर्म विचारायला सांगितले नाही. प्रत्येक मशिदीच्या जमातीने पावसाळ्यापूर्वी चार तरुण नेमावेत. त्यांनी अधिकृत सूचना ऐकावी, तलाठी वा पोलीस पाटलांकडून खात्री करावी आणि मगच माइकवरून स्पष्ट मराठीत जाहीर करावी. यात नवे काही नाही. पावसाच्या एका जुमाच्या दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला नमाजकडे या असे पुकारण्याऐवजी घरीच नमाज अदा करा असे पुकारायला सांगितले. लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा आपल्यापेक्षा श्रेष्ठ असलेल्यांनी, म्हणजे पैगंबर (स.) यांनी, असेच केले होते, असे त्यांनी सांगितले. लोकांना चिखलपाण्याचा त्रास होऊ नये म्हणून अजानमध्ये सूचना आली. मग प्राणांवर संकट असताना मशिदीने गप्प राहावे काय?

बंधू-भगिनींनो, न्यायाच्या दिवशी आपल्या कानांचा आणि जिभेचाही हिशेब होणार आहे. इशारा ऐकला होता काय, ऐकून काय केले, शेजाऱ्याला सांगितले होते काय, आणि जे सांगितले ते खरे होते काय, या प्रश्नांची उत्तरे तेव्हा शोधत बसण्यापेक्षा या पावसाळ्यात तयार ठेवलेली बरी. एका मुंगीने आपली अमानत पार पाडली. आपण तर आदमची लेकरे आहोत.

हे अल्लाह, आम्हाला खरी खबर ऐकणारे कान दे, अफवेपासून आमच्या जिभा सुरक्षित ठेव, आमच्या गावांचे व सर्व मानवांचे संकटांपासून रक्षण कर, आणि जे पाण्यात, वादळात व दरडीखाली गेले त्यांच्या आप्तांना धीर दे. आमीन.